देदेची आई जाब्रियात आली होती

इथे लोक जे अनुभव लिहितात ते मी बरीच वर्षं वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा करमणूक म्हणून. वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद खोलीतली पैंजणं... वाचायचं, नवऱ्याला फॉरवर्ड करायचं आणि झोपायचं. मी लॅब टेक्निशियन आहे. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर रिपोर्टवर ‘नॉट सीन’ – यावर माझं पोट चालतं. आमच्या कोकणात राखणदार, देवचार, सगळं असतं. माझी आई अजून तिठ्यावर नारळ ठेवते आणि मी लग्नाच्या आधीपासून तिच्याशी त्यावरून भांडत आलेय. तेव्हा खालचं वाचून ‘ही बाई मुळातच त्यातली’ असं कुणी समजू नये. मी त्यातली नव्हते. आता आहे का, ते मलाच नीट सांगता येत नाही. राग मात्र आहे, आणि तो लिहिताना लपणार नाही.

आम्ही कुवेतला असतो. राहायला सबाह अल-सालेमला, नवरा शर्कमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला, आणि मी जाब्रियातल्या एका खासगी क्लिनिकच्या लॅबमध्ये. क्लिनिकचं नाव देत नाही. तळमजल्यावर पुढे रिसेप्शन आणि मागे लॅब, पहिल्या मजल्यावर डॉक्टरांच्या खोल्या, दुसऱ्यावर डेंटल. इथे बऱ्याच क्लिनिकांत असतो तसा आमच्याकडे दुपारी मोठा ब्रेक. सकाळची ओपीडी संपली की रिसेप्शनचं काचेचं दार लॉक होतं, ते संध्याकाळच्या शिफ्टलाच उघडतं. बाकीचे घरी जातात. मी जात नाही, उन्हात टॅक्सी शोधायचा कंटाळा. उरलेली सॅम्पल्स मशीनला लावते, डबा खाते, आईला फोन करते.

ब्रेकमध्ये इमारतीत थांबणारी दुसरी बाई म्हणजे देदे.

देदे क्लीनिंग कंपनीकडून आलेली. पश्चिम आफ्रिकेतली, घानाची. तिशी ओलांडलेली, उंच, आणि चालताना गुणगुणायची सवय. तिच्या नावावरून आमच्याकडच्या मंडळींनी पहिल्या दिवसापासून विनोद केले – ‘चाबी देदे’, ‘चाय देदे’. तिला अर्थ कळल्यावर ती स्वतःही हसली होती. मग मला म्हणाली, की आमच्यात पहिल्या मुलीचं नाव देदेच असतं. गावात उभं राहून देदे अशी हाक मारली तर घराघरातून एकेक बाहेर येईल.

आमची मैत्री झाली ती आंबोळीमुळे. पॅन्ट्रीत मी डबा उघडला आणि ही मॉप भिंतीला टेकवून जवळ आली. वास घेतला. म्हणाली, सिस्टर, हा तर माझ्या आईचा वास. तिची आई मक्याचं पीठ आंबवून त्याचे गोळे मक्याच्याच सालीत बांधून मोठ्या हंड्यात उकडायची आणि विकायची. केंके म्हणतात त्याला. त्या दिवसापासून अर्धी आंबोळी तिची.

तिच्या गावाबद्दल जे काही मला माहीत आहे ते त्या पॅन्ट्रीतच ऐकलेलं. अक्रा शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यापासून खाली, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर वीस-पंचवीस घरं. माती लाल. मी फोनवर आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचा, फोटो दाखवला तर तिला तो तिच्याच गावाचा वाटला. मका, कसावा, थोडी मासेमारी. तिच्या लहानपणी शहर म्हणजे रात्री लांबवर दिसणारा उजेड. मग ते यायला लागलं. आधी आले रेतीवाले. शेतातली रेती ट्रक भरभरून नेली, शहरात इमारती उभ्या राहिल्या, आणि गावात राहिले खड्डे. पावसाळ्यात ते भरायचे आणि महिनोन् महिने तसेच हिरवे होऊन पडायचे. पूर्वी ताप यायचा तो ऋतूत यायचा, आता वर्षभर येतो, असं देदे म्हणायची.

त्यानंतर आले प्लॉटवाले. गावच्या जमिनीची मालकी मुखियाच्या घराण्याकडे. त्यांनी ती एका बिल्डरला विकली. घरांच्या भिंतींवर लाल रंगाने फुल्या मारल्या गेल्या. मोटरसायकलवरून पोरं फिरायला लागली. तिकडे जमिनी राखायला भाड्याने गुंड ठेवतात, ‘लँड गार्ड’ असं चांगलं नावसुद्धा आहे त्यांना. एकेक घर उठलं. गावाच्या तिन्ही बाजूंनी उंच भिंत आली. मोठ्या रस्त्याकडे जाणारी जुनी वाट भिंतीच्या आत गेली आणि तिच्यावर गेट बसलं.

देदेची आई उठली नाही. नवरा गेलेला, मुलगा नाही, ही एकच मुलगी आणि ती कुवेतमध्ये फरशा पुसतेय. म्हातारी रोज अंगणात हंडा चढवायची, आणि गंमत म्हणजे ती भिंत बांधणारे गवंडी तिच्याकडेच जेवायचे. मुखियाने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की ती त्या घरात राहतेय तोपर्यंत त्या घराला कुणी हात लावणार नाही. घर रिकामं झालं तर मात्र त्याचं काही सांगता येत नाही. म्हणून म्हातारी बाजाराला जायची तीसुद्धा अंधार पडायच्या आत परत यायची. पुतण्याच्या लग्नाला गेली नाही. देदेने दोनदा सुट्टी मागितली. कंपनीने आधी बघू म्हटलं, मग कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर जा म्हटलं. पासपोर्ट त्यांच्याच कपाटात.

एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं समजायला लागेल.

तो दिवस उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. सकाळपासून क्लिनिकची सिस्टीम बंद पडली होती. नेहमी रिसेप्शनवर नोंद झाली की माझ्याकडे बारकोड निघतो, त्या दिवशी सगळा कारभार चिठ्ठ्यांवर. कधी चिठ्ठी आधी यायची, कधी पेशंट आधी. मी वैतागले होते. ओपीडी संपली, बाहेरचे आवाज थांबले, मी मागच्या खोलीत मशीन लावत होते.

कलेक्शन रूममध्ये आले तर खुर्चीत एक म्हातारी बसलेली.

काळी, किडकिडीत, अंगाभोवती निळ्या नक्षीचं कापड गुंडाळलेलं, डोक्याला तसलंच फडकं. ती थरथरत होती. मला काही विचित्र वाटलं नाही हो... हेच तर आहे. वाटलं, सकाळच्या गर्दीतली राहिलेली असेल, कुणाच्या घरी कामाला असेल, मालकीण गाडीत बसली असेल. मी इंग्लिशमध्ये विचारलं, चिठ्ठी कुठेय? ती नुसती बघत राहिली. अरबीत विचारलं. मग नाव विचारलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, खुणेने.

ती म्हणाली, “देदे.”

मला आमच्या देदेची आठवण झाली, नाही असं नाही. पण तिनेच तर सांगितलं होतं ना, घराघरात एक देदे. मला वाटलं, ही पण तिकडचीच. बरं वाटलं, की आमच्या देदेला सांगेन तुझ्या गावचं कुणीतरी येऊन गेलं म्हणून.

“देदे,” ती पुन्हा म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने.

मी म्हटलं, हो हो, कळलं. आणि ट्यूबवर मार्करने तेच नाव लिहिलं.

हात हातात घेतला तर चटका बसावा इतका ताप. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जुनी भाजल्याची खूण, कातडी चकचकीत आणि ताणलेली. तिथे शीर मिळणं शक्य नव्हतं म्हणून उजवा हात घेतला. पट्टा बांधला. म्हाताऱ्या पेशंटशी बोलताना माझ्या तोंडून मराठीच येतं, समोरचा कुठला का असेना. “मूठ आवळा आजी,” मी म्हटलं. तिने मूठ आवळली. शीर बारीक होती, सुई टोचल्यावर तिने हूं की चूं केलं नाही. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नेहमीच्या रक्तासारखं रक्त आलं. कापूस ठेवला, “दाबून धरा” म्हटलं, ट्यूब हलवत वळले, स्टँडमध्ये ठेवली.

परत वळले तर खुर्ची रिकामी.

तेव्हाही मी घाबरले नाही. गेली असेल रिसेप्शनला. चिठ्ठी येईल. फक्त एक गोष्ट डोळ्यात आली – फरशीवर पावलांचे ठसे होते, अनवाणी पायांचे, लाल मातीचे. इथली धूळ राखट-पिवळी असते, घरात कितीही पुसा, तीच. असली लाल माती मी कुवेतमध्ये पाहिली नव्हती. आमच्या अंगणात पाहिली होती. मी एक क्षण तिथे उभी राहिले, मग मशीनचा बीप वाजला आणि आत गेले.

तिचं सॅम्पल लावलं. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट फारच कमी, मशीनने लाल खूण दाखवली. अशा वेळी स्लाइड करून बघायची असते. केली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली धरली... आणि पेशीपेशीत बारीक अंगठ्या. एकेका पेशीत दोन-दोन. मलेरिया, आणि त्यातला सगळ्यात वाईट. कॉलेजमध्ये असताना रत्नागिरीच्या सिव्हिलला बघितला होता, इथे क्वचितच. मेंदूपर्यंत जाणारा प्रकार. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर, की ही बाई कुठे गेली? हिला अशी सोडणं म्हणजे हिचा जीव घालवणं.

बाहेर धावले. रिसेप्शन रिकामं, काचेचं दार लॉक. रिसेप्शनच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, शेवटचा पेशंट गेल्यावर मी स्वतः लॉक केलं, आत कुणी नव्हतं, वॉशरूमसुद्धा बघून घेते मी. मी टॉयलेटं उघडून पाहिली, जिन्याखाली पाहिलं. कुणी नाही.

परत आले तेव्हा देदे वरच्या डेंटलचं काम उरकून खाली उतरली होती. कलेक्शन रूमच्या दारात मॉप घेऊन उभी. मी अजून तिला काहीच बोलले नव्हते. ती खाली फरशीकडे बघत होती. हळूच बसली, बोटाने ती माती उचलली, दोन बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

“इथे कोण आलं होतं, सिस्टर?”

मी सांगितलं. म्हातारी, निळं कापड, ताप. ती ऐकत होती. भाजलेल्या हाताचं सांगितलं तेव्हा तिने मला थांबवलं. कुठला हात? डावा, मी म्हटलं. तिने स्वतःच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती फरशीवरच बसून राहिली. तिच्या लहानपणी केंकेचा हंडा आईच्या हातावर कलंडला होता, हे तिने मला तेव्हा सांगितलं. त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. याची मी शपथ घेऊ शकते, कारण मी स्वतःला तेवढंच पुन्हा पुन्हा विचारलंय.

दोन दिवस तिच्या आईचा फोन लागत नव्हता. देदेने फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण तिच्या आईला फोन चार्ज करायला मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जावं लागायचं. तिने शहरात टॅक्सी चालवणाऱ्या आईच्या पुतण्याला, टेट्टेला, लावला. तो कामावर होता. म्हणाला, उद्या जातो. देदेने फोन माझ्या हातात दिला. काय सांगणार होते मी त्याला? मी एवढंच सांगितलं, की मी हॉस्पिटलमधून बोलतेय, तुझ्या काकूला मलेरिया आहे, रक्तात भरलाय, आज नेलं नाहीस तर उद्या न्यायला उरणार नाही. माझा आवाज ऑफिसातला होता. तो घाबरला आणि निघाला.

आमच्या संध्याकाळच्या ओपीडीत त्याचा फोन आला. दार आतून बंद होतं, ते त्याने मोडलं. आत चटईवर म्हातारी बेशुद्ध. चूल विझलेली. गेटवाल्याने टॅक्सी आत घ्यायला नकार दिला म्हणून पाठीवर घेऊन भिंतीच्या कडेकडेने, खड्ड्यांमधून, मोठ्या रस्त्यापर्यंत आला. सरकारी हॉस्पिटलात रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरने जे नाव सांगितलं ते मी सांगितलेलंच. अजून एक रात्र गेली असती तर वाचली नसती, म्हणाला.

देदेने माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. पेशंट बघत होते. मला काय वाटत होतं ते शब्दांत सांगता येत नाही. भीती होती, पण तिच्याबरोबर एक... अभिमान होता म्हणा. वाटलं, ती बाई माझ्याकडे आली, मी ओळखलं, ती वाचली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सकाळच्या कुणाचंतरी रक्त असेल, तुला डुलकी लागली असेल, बाकीचं योगायोग. मी त्याच्याशी भांडलेसुद्धा नाही. इतकी खूष होते.

आमच्या पॅथॉलॉजिस्टनी, इजिप्शियन आहेत, दुसऱ्या दिवशी स्लाइड बघितली. मलेरिया आहे यात वाद नाही, म्हणाले, पण पेशंट कुठेय? त्यांनी सकाळच्या सगळ्या पेशंटची नावं काढून घेतली, एकेकाचं सॅम्पल जागेवर होतं, एकही कमी-जास्त नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, की कुठलीतरी जुनी शिकवायची स्लाइड मिसळली असावी. आणि ट्यूब? ट्यूबबद्दल ते काही बोलले नाहीत. नोंद नसलेल्या माणसाचं रक्त काढल्याबद्दल मला लेखी समज मिळाली. ट्यूब पुढच्या आठवड्यात नेहमीच्या कचऱ्याबरोबर गेली.

म्हातारी बरेच दिवस हॉस्पिटलात होती. टेट्टे रोज जाऊन बसायचा. ती शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तिने विचारला तो हा, की घरी कोण आहे?

घरी कोणी नव्हतं. कोण असणार? ज्या दिवशी तिला नेलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी मोटरसायकलवाल्या पोरांना कळलं. मुखियाचा शब्द ती राहतेय तोपर्यंतचा होता, आणि ती तर गेली होती. मशीन आलं. टेट्टे पोचला तेव्हा तिथे सपाट लाल जमीन होती, आणि भिंतीच्या बाहेर रस्त्याकडेला तिचे दोन हंडे उपडे टाकलेले. एवढी माणुसकी दाखवली म्हणे.

देदेने हे मला पॅन्ट्रीत सांगितलं. मी आंबोळी पुढे केली, तिने घेतली नाही.

म्हातारी टेट्टेच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. दुसरा मजला, शहराच्या मधोमध, खाली गाड्यांचं वर्कशॉप. तिथून एकदा व्हिडिओ कॉल झाला, दुपारच्या ब्रेकमध्ये. देदेने मला बोलावलं, की आईला तुला बघायचंय. मी स्क्रीनसमोर आले. तीच बाई. डोक्याला फडकं नव्हतं, केस पांढरे कापलेले, पण तीच. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि देदेला काहीतरी विचारलं. देदे मला म्हणाली, आई विचारतेय, ‘आजी’ म्हणजे काय?

देदेला मी हा शब्द कधी सांगितला नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती.

मी अर्थ सांगितला. म्हातारीने मान डोलावली. मग ती सावकाश बोलायला लागली आणि देदे तोडून तोडून मला सांगत गेली. ताप चढला तेव्हा आपण आता जाणार हे आईला कळलं होतं. कुणाला बोलवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. दार तिनेच आतून लावलं. आपल्या घरात, आपल्या चटईवर जायचं आणि घराच्या मागे, नवऱ्याशेजारी पुरून घ्यायचं. नवऱ्याचं आता जमिनीसपाट झालेलं, पण ताजं थडगं असलं की त्या जागेवर बांधायला लोक बिचकतात, मुखिया झाला तरी. फक्त जायच्या आधी मुलीला एकदा बघावं असं मनात आलं. आणि मग ती एका थंड, पांढऱ्या खोलीत बसली होती. कशी, ते तिलाही माहीत नाही. तिथे एक बाई आली. तिला तिने मुलीचं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं.

इथे देदे थांबली. मी तिला म्हटलं, पुढे सांग.

“ती म्हणते, मी तुझ्याकडे माझी मुलगी मागितली आणि तू सुई आणलीस.”

देदे त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर होती. डेंटलची फरशी पुसत होती. मी जिन्यात उभं राहून एक हाक मारली असती तर खाली आली असती.

म्हातारी चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, माझ्या रक्तात काय आहे ते बघ असं तुला कुणी सांगितलं होतं? मी इंग्लिशमध्ये काहीतरी बोलले, की जीव वाचवणं हे आमचं काम असतं वगैरे. देदेने ते भाषांतर केलं की नाही मला माहीत नाही.

त्यानंतर चार-पाच महिने ती जगली. खोलीत केंके करायला परवानगी नव्हती, धूर होतो म्हणून घरमालकाने हंडा चढवू दिला नाही. खिडकीत बसून असायची. तिला पुरलं ते शहराबाहेरच्या मोठ्या दफनभूमीत, अनोळखी लोकांमध्ये. देदेला सुट्टी मिळाली नाही. बातमी आली तेव्हा ती आमच्याच लॅबचा कॉरिडॉर पुसत होती, आणि फोन ठेवून तिने उरलेला कॉरिडॉर पुसला. मी पाहत होते. जवळ जायचं धाडस झालं नाही.

लवकरच तिने स्वतःच सुपरवायझरला सांगून दुसरी साइट मागून घेतली. भांडण नाही, अबोला नाही. मी मेसेज केला की उत्तर द्यायची, एक-दोन शब्दांत. पूर्वी सिस्टर लिहायची, आता मॅडम.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर, गेल्या वर्षी, ती कायमची परत गेली. तिकडून एकदाच तिचा फोन आला, तोही मी खूप मागे लागल्यावर. गावाकडे जाऊन आले म्हणाली. गेटवर नवा रंग, आत ओळीने पांढरी घरं, मधे हिरवळ, तिच्यावर पाणी उडवणारे फवारे. गेटवरच्या माणसाने विचारलं, कुणाकडे जायचंय? तिने सांगितलं, वडिलांकडे. त्याने घराचा नंबर विचारला.

मी तिला त्या कॉलवर शेवटी विचारलं, जे मला इतके दिवस विचारायचं होतं. तुझी आई माझ्याकडे का आली असेल? तुझ्यापर्यंत का नाही पोचली, दोन मजले तर होते... ती म्हणाली, आई तोवर कधी जिने चढली नव्हती मॅडम, आमच्या गावात जिना नव्हता. आणि मग नेटवर्क गेलं, की तिने ठेवला.

नवरा अजून डुलकी म्हणतो. पॅथॉलॉजिस्ट अजून जुनी स्लाइड म्हणतात. माझ्या आईला सांगितलं तर तिने नुसते हात जोडले. तुमच्यातले काही जण लिहितील, की तापाच्या ग्लानीत भास होतात. होतात ना. पण ताप मला नव्हता. समुद्र आणि वाळवंट ओलांडून एका आजारी म्हातारीचं रक्त माझ्या ट्यूबमध्ये कसं आलं, त्याचं स्पष्टीकरण मी शोधायचं सोडून दिलंय. मला छळतं ते वेगळंच. आईला वाचवलं म्हणून जिने माझे हात कपाळाला लावले ती देदे, आणि जिला वाचवलं ती तिची आई... दोघींपैकी एकीनेही ‘वाचव’ असं मला म्हटलं नव्हतं.

अजूनही ब्रेकमध्ये मी एकटी असते. दार लॉक झालं की कलेक्शन रूमच्या खुर्चीकडे एकदा बघून घेते. कुणीही आलेलं नाही. आलं तर मी आधी काय विचारीन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.